पालथं घमेलं

आमच्या घरात वाचायला जे काही होतं ते एकाच बाजूनं छापलेलं असायचं. आई तुर्भ्याच्या एका लहान छापखान्यात घडीकामाला होती. कागद मोजायचे, घड्या घालायच्या, गठ्ठे बांधायचे. शाई पुसटलेले, तिरके आलेले, शेवटची ओळ कापली गेलेले असे जे कागद मालक बाजूला टाकायचा, ते ती पिशवीत घालून घरी आणायची. कोरी बाजू माझ्या अभ्यासाला. छापील बाजू मी अभ्यास टाळण्यासाठी वाचायची. जमिनीचा मोबदला, कारखान्यातली टाळेबंदी, पाण्याची बोंब, खारफुटीवरचा भराव, कुणाचा तरी जाहीर निषेध, कुणाला तरी शेवटचा इशारा. बाकीच्या मुलांना गोष्टीतले राजे माहीत होते, मला 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द जोडाक्षरांसकट लिहिता येत होता. जगात जे काही बिघडतं ते कुणीतरी बिघडवलेलं असतं, त्याचं नाव ठळक अक्षरात छापता येतं आणि छापलं की लोक जागे होतात, अशी माझी समजूत त्या कागदांनी करून दिली. ती अजून पूर्ण गेलेली नाही. तिशी ओलांडताच आत्मकथन लिहायला बसलेल्या बाईची ती कशी जाणार.

आम्ही नेरूळ गावात बाळाराम नानांच्या घरात वरच्या मजल्यावर भाडेकरू होतो. नाना जासईचे, सासुरवाडीला राहायला आलेले, आणि घरजावई म्हणून त्यांची कुणी थट्टा केली की ते स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसायचे. तरुणपणी मिठागरावर काम केलेलं, नंतर सासऱ्याची जमीन गेली, त्या पैशांत हे दुमजली घर उभं राहिलं. खाली त्यांच्या चुलीवर जवळा भाजला जात असला की वर आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीलाही जवळ्याचा वास लागायचा. अप्पा, म्हणजे माझे वडील, माण तालुक्यातले. तिकडे मासा म्हणजे कुणाच्या तरी गोष्टीत ऐकलेला प्राणी. पण वर्षभरात अप्पांनी भाकरीवर सुकटीची चटणी मागून घ्यायला सुरुवात केली. आई म्हणायची, "तुमचं गाव सुटलं ते असं सुटलं."

अप्पा पामबीच रस्त्याच्या अलीकडच्या एका मोठ्या सोसायटीत माळी होते. आठ इमारती आणि मधे हिरवळ. लोक तिला लॉन म्हणायचे, अप्पा 'मैदान' म्हणायचे. त्यांच्या हाताखाली कुंड्या होत्या, जास्वंदीचं कुंपण होतं, पण त्यांचा जीव होता तो गवत कापायच्या मशीनवर. लाल रंगाचं, पेट्रोलवर चालणारं, दोरी ओढून सुरू करायचं मशीन. दोरी तिसऱ्या ओढीला लागायची. दुसऱ्या ओढीला लागली तर अप्पा दिवसभर खुशीत असायचे. शनिवारी सकाळी नऊला ते सुरू झालं की आठही इमारतींच्या खिडक्या बंद व्हायच्या आणि कुणीतरी वरून ओरडायचं, "माळीदादा, जरा उशिरा नाही का जमत?" आणि अप्पा खालून हात हलवायचे, म्हणजे ऐकू आलं नाही.

त्या मशीनच्या पोटाखाली पातं फिरतं आणि पात्यावर पोलादी पत्र्याचा वाटोळा टोप असतो. अप्पा त्याला घमेलं म्हणायचे. पालथं घातलेलं घमेलं. कापलेलं गवत त्याच्या आतून फिरून मागच्या पिशवीत जातं. ओलं गवत असलं की ते आत थापलं जातं, शेणाच्या गोवरीसारखं, आणि त्याखाली पत्रा कुजायला लागतो. हे अप्पांना कुणी शिकवलेलं नव्हतं, पण घाण चांगली नाही एवढं त्यांना ठाऊक होतं. म्हणून कापून झालं की ते मशीन एका कुशीवर कलंडून घमेल्याची आतली बाजू पाइपानं धुवायचे. पाइप धरायचं काम माझं. पाचवीत होते तेव्हापासून. शनिवारी शाळा सकाळची असायची, तिथून मी थेट सोसायटीत जायची आणि पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून पाण्याची धार पत्र्याच्या कडेकडेनं फिरवायची. आधी काळपट हिरवं पाणी यायचं, मग पोपटी, मग स्वच्छ. स्वच्छ आलं की अप्पा म्हणायचे, "बास. देव धुतल्यावानी झालं." मग मशीन तसंच सरळ करून जिन्याखाली लावायचं. वरची लाल बाजू ते खांद्यावरच्या फडक्यानं पुसायचे, अगदी चकचकीत. खालची बाजू ठिबकत राहायची. ती कोण बघणार होतं.

मी बारावीत असताना सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी, पाटणकरांनी, खालची बाजू बघितली. त्याला कारण झाला एक खडा. घमेलं आतून एवढं गंजलं होतं की एका जागी रुपयाएवढं भोक पडलं होतं आणि त्या भोकातून पात्यानं उडवलेला खडा सुटून अप्पांच्या नडगीवर बसला. अप्पांनी तिथल्या तिथे फडकं बांधलं आणि उरलेलं मैदान कापून पूर्ण केलं. पण फडकं लाल झालेलं पाटणकरांनी गॅलरीतून पाहिलं आणि खाली येऊन मशीन आडवं करायला लावलं. आतली बाजू बघून ते तसेच वर गेले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, बोलण्याआधी लिहून घ्यायची सवय. दुसऱ्या दिवशी वार्षिक सभेच्या सूचनेत सातवा विषय आला: बागेचे काम बाहेरील ठेकेदारास देण्याबाबत विचारविनिमय. खाली कंसात: सध्याच्या पद्धतीत यंत्रसामग्रीची हेळसांड होत असल्याने.

याच्या आधीचं मशीनही असंच गेलं होतं. चार वर्षांत दुसरं घमेलं. पाटणकरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मला आज लिहिता येतं. तेव्हा मला एकच शब्द दिसत होता, हेळसांड. ज्या माणसानं पाय फुटल्यावरही मैदान अर्धवट सोडलं नाही, त्याच्या नावापुढे हा शब्द. अप्पा तेव्हा पन्नाशीचे. ठेकेदाराची माणसं तरुण असतात, रोजावर असतात, त्यांत पन्नाशीच्या माणसाला कुणी घेत नाही. हे घरात कुणी बोललं नाही. आईनं त्या दिवशी अंबाड्याची भाजी केली होती आणि तिघंही भाजी फार आंबट झाल्याबद्दलच बोलत राहिलो.

मी पत्रक लिहिलं. दुसरं काय करणार होते. दुपारभर कॉट ओढून खिडकीशी बसले आणि टाळेबंदीच्या एका तिरक्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर कच्चा खर्डा केला. मथळा होता, 'गवत कापणाऱ्याच्या पायावर दगड कोणी मारला?' खाली तीन आरोप. पहिला: मशीन ठेवायला छप्पर दिलं नाही, जिन्याखाली उघड्यावर, पावसाच्या तुषारांत ते ठेवायला लावलं, म्हणून ते गंजलं. दुसरा: सणाच्या तोंडावर मैदान चांगलं दिसावं म्हणून ओलं गवत कापायला लावलं. तिसरा: भोक पडायच्या बेतात आहे हे अप्पांनी दोनदा तोंडी सांगूनही दुरुस्ती केली नाही. शेवटी ठळक अक्षरात: 'यंत्र हेळसांडीने गंजले. हेळसांड कमिटीची.' आई जेवणाच्या सुट्टीत मालकाला विचारून ते छापून घेऊन आली. नेण्याआधी तिनं खर्डा दोनदा वाचला, एक ऱ्हस्व दीर्घ केला, आणि म्हणाली, "मथळा चांगलाय. लोक मथळाच वाचतात."

आठही इमारतींच्या पत्रपेट्यांत मी ते स्वतः टाकलं. परिणाम माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा झाला. तिसऱ्या इमारतीतल्या समेळबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, यांनी मला गेटवर अडवून विचारलं, "हे तू लिहिलंस?" मला वाटलं आता ओरडतात. त्या म्हणाल्या, "सभेत मी वाचून दाखवणार. माणसाच्या पायापेक्षा पत्रा मोठा का?" लिफ्टमध्ये, भाजीवाल्याच्या गाडीपाशी, मैदानातल्या बाकांवर तोच विषय. जे लोक कधी सभेला जायचे नाहीत ते म्हणायला लागले, या वेळी जायला पाहिजे. पाटणकर समोरून आले की मी मान ताठ ठेवायची आणि ते मान खाली घालायचे. अप्पांनी पत्रक घडी करून खिशात ठेवलं. ते त्यांनी वाचलं की नाही हे मला कळलं नाही.

सभेला आठवडाही उरला नव्हता. अप्पा म्हणाले, ठेकेदार येवो न येवो, भोक बुजवून ठेवू. पाटणकरांची परवानगी घेऊन त्यांनी मशीन गावातल्या वेल्डरकडे नेण्यासाठी म्हणून आणलं आणि नानांच्या अंगणात जुन्या पोत्यावर आडवं घातलं. नाना झोपाळ्यावर बसून पत्रक वाचत होते. मीच त्यांना दिलं होतं. त्यांना चष्मा लागत असे पण ते तो घालत नसत, कागद हातभर लांब धरून वाचत.

"पोरी," ते म्हणाले, "लिवलाय झ्याक. पन एक सांग. पावसान लोखंड चार वरसान असा जातो कं?"

"उघड्यावर ठेवलं तर जाणारच ना, नाना."

"उघड्यावर म्हंजे वरशी बाजू पावसाला, बरोबर? मंग वरशी बाजू कशी हाय?"

वरची बाजू लाल होती. चकचकीत.

नाना झोपाळ्यावरून उतरले. गुडघ्यावर हात ठेवून मशीनपाशी बसले, घमेल्याच्या आत हात घातला आणि नखानं गंज खरवडला. खपली निघाली, बोटभर रुंद. ती त्यांनी जिभेला लावली. मला किळस आली. अप्पा बघत होते. नानांनी एकदा तोंड हलवलं, थुंकले आणि म्हणाले, "मीठ हाय."

"गवताचं असंल," अप्पा म्हणाले.

"गवतान कंचा मीठ, अप्पा? तुमी यो धुवतां कशान?"

"पाण्यानं."

"कनच्या पान्यान?"

सोसायटीत दोन नळ होते. एक टाकीचा, वर इमारतींना जाणारा. दुसरा बागेचा, बोअरचा, त्यावर 'पिण्यास अयोग्य' अशी पाटी. खाडी तिथून हाकेच्या अंतरावर. पाइप बोअरच्या नळाला लावलेला असायचा, कायमचा. अप्पा म्हणाले, "बोअरच्या. पर रोज नव्हं. कापून झालं की. एक डाव बी चुकवलं न्हाई."

"म्हनून गेला," नाना म्हणाले. "चुकवलान असतात तर राह्यला असता."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजही त्याच क्रमानं सांगू शकते. पात्याच्या वाऱ्यानं मातीतली वाळू आत गरगर फिरते आणि पत्र्याचा रंग खरवडून काढते. मागच्या पिशवीकडे जिथे गवत वळतं तिथे सगळ्यात जास्त, भोकही तिथेच पडलं होतं. रंग गेला की पोलाद उघडं. त्या उघड्या पोलादावर आम्ही खारं पाणी मारायचो आणि ते न पुसता पालथं ठेवायचो. पाणी उडून जायचं, मीठ मागे राहायचं. मीठ पुन्हा हवेतलं पाणी ओढायचं. मिठागरावर त्यांची फावडी रात्रंदिवस खाऱ्या पाण्यात असायची, पण काम संपलं की ती गोड्या पाण्यानं विसळून, कोरडी पुसून, तेल घातलेल्या सुक्या रेतीत खुपसून ठेवायची पद्धत होती. सासऱ्यानं त्यांना दिलेलं फावडं अजून वापरात होतं. तेच अंगणाच्या कोपऱ्यात उभं होतं, दांडा नवा, पातं जुनं.

माझा विश्वास बसला नाही. म्हणजे बसला, पण मला तो बसायला नको होता. मी दोन स्टीलच्या ताटल्या घेतल्या, एकीत घरच्या नळाचं पाणी, दुसरीत बाटलीतून आणलेलं बोअरचं, आणि दुपारी गच्चीवर उन्हात ठेवल्या. संध्याकाळी एका ताटलीत काहीच नव्हतं. दुसरीत कडेनं पांढरी रांगोळी उमटलेली होती. आईनं त्या ताटलीवरून बोट फिरवलं, चाखलं, आणि मला म्हणाली, "पहिला आरोप गेला."

छापखान्यात राबलेल्या बाईला हे बरोबर कळतं. चूक सापडली की शुद्धिपत्रक छापायचं, हा त्यांच्याकडचा नियम. तो कुणी शिकवत नाही, जसं शाईचे हात केसांना लावायचे नाहीत हे शिकवत नाहीत. मी म्हटलं, "मी शुद्धिपत्रक काढणार."

अप्पा उलथन्यानं घमेलं खरवडत होते. आईचं उलथनं, सांडशीच्या खिळ्याला टांगलेलं, न विचारता घेतलेलं. ते थांबले नाहीत. "काढ की," म्हणाले. "सभा हू दे, मग काढ."

"सभेनंतर काढून काय उपयोग? लोक खोट्यावर मत देणार."

"माझ्या बाजूनं देनार न्हवं? देऊ दे की."

"अप्पा, मग मला झोप नाही येणार."

"मग नको झोपू चार दिस," ते म्हणाले. "मी बी झोपलो न्हाई."

अप्पांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं असेल तर एवढंच. चार दिवस. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि माझ्या डोक्यात शेकडो पत्रकं होती, ज्यांतल्या कुठल्याही पत्रकात 'चार दिवस थांबा' असं कुणी लिहिलेलं नव्हतं.

ते चार दिवस घमेल्यावर गेले. त्याबद्दल मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण त्या आठवड्यातलं तेवढंच काम असं होतं ज्यात कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं. आधी प्लगची वायर काढली, पेट्रोल काढून घेतलं, पातं उतरवलं. उलथन्यानं वाळलेलं गवत, मग तारेच्या ब्रशनं गंज, मग पॉलिश पेपर, पत्रा राखाडी चमकेपर्यंत. मग गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं तीनदा पुसलं, मीठ जाईतो, आणि दिवसभर उन्हात वाळवलं. वेल्डरनं भोकावर ठिगळ मारलं. दुसऱ्या दिवशी लाल ऑक्साईडचा एक हात, तो वाळल्यावर रंगाचे दोन. नानांनी गोठ्यातला फुटका निळा ड्रम आणला. अप्पांनी त्यातून वीतभर रुंद पट्टी कापली, गरम पाण्यात वाकवली आणि जिथे वाळू आपटते बरोबर तिथे चार रिबिटांनी बसवली. झिजलीच तर ती झिजेल, पत्रा नाही. ती कल्पना अप्पांची. नाना म्हणाले, "अप्पा, तुमी नावा बांदायला पायजे होता." माणच्या माणसाला आयुष्यात मिळालेली ही सगळ्यात मोठी पदवी होती, आणि अप्पा लाजले. शेवटी नानांच्या बायकोनं वाटीत खोबरेल दिलं. त्याचा बोळा आतून फिरवला, पातळ, हाताला लागेल न लागेल इतका. जळकं ऑइल लावू नका, ते गवतावर सांडलं तर गवत करपतं, हे अप्पांनी सांगितलं आणि नानांनी मान्य केलं. मी ब्रश धुतले. शुद्धिपत्रकाचा विषय तिघांनीही काढला नाही.

सभा रविवारी, सोसायटीच्या हॉलमध्ये. प्लास्टिकच्या खुर्च्या पुरल्या नाहीत इतके लोक. अप्पा मागे दाराशी उभे, मी त्यांच्या शेजारी, आई कामावर. सातव्या विषयाला समेळबाई उठल्या आणि माझं पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, मुख्याध्यापिकेच्या आवाजात, स्वल्पविरामांसकट. शेवटच्या वाक्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या लिखाणाला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या. पाटणकर टेबलावरचे कागद सरळ करत होते. मी अप्पांकडे पाहिलं. ते समोर बघत होते, आणि त्यांच्या खांद्यावर ते पुसायचं फडकं होतं, सभेलासुद्धा.

मी हात वर केला. पाटणकर म्हणाले, सभासदांशिवाय कुणाला बोलता येत नाही. समेळबाई म्हणाल्या, "अहो, लिहिणारीच ती आहे, बोलू द्या." माझ्याकडे एका मतदानाच्या पत्रकाच्या पाठीमागे लिहिलेल्या पाच ओळी होत्या. मी वाचल्या. माझ्या पत्रकातला पहिला आरोप चुकीचा आहे. मशीन पावसानं गंजलं नाही, बोअरच्या खाऱ्या पाण्यानं गंजलं. ते पाणी माझे वडील आणि मी दर वेळी मारत होतो, स्वच्छतेसाठी. पाइप मी धरत होते. उरलेले दोन आरोप कायम आहेत.

'कायम आहेत' हे मी जरा जोरात वाचलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे माळ्यानंच बिघडवलं ना?" पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला, "पोरगी प्रामाणिक आहे हां पण." समेळबाई खाली बसल्या आणि चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या. मशीन दुरुस्त झालंय, पुन्हा तसं होणार नाही, हे मी सांगायला हवं होतं. ते माझ्या पाच ओळींत नव्हतं. हात वर झाले, मोजले गेले, आणि ठेकेदाराच्या बाजूनं सहा हात जास्त निघाले.

परत येताना आम्ही चालत आलो. वंडर्स पार्ककडून येणाऱ्या रस्त्यावर अप्पा एकदा थांबले. मला वाटलं, आता बोलतील ते ऐकून घ्यायचं. ते म्हणाले, "पाइप कुणी धरला ते कशापाई वाचलंस? मीच धुवायचो म्हनायचं. तेवढं गाळलं असतंस तर बरं झालं असतं." आणि पुन्हा चालायला लागले.

मला वाटत होतं त्यांचा राग मी खरं बोलले याचा आहे. राग होता तो मी स्वतःला त्यात ओढलं याचा. हे समजायला मला घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला, आणि पचायला बरीच वर्षं. मी त्या दिवशी बरोबर वागले असं मला आजही वाटतं. पण बरोबर मी वागले आणि पुढचे आठ महिने नर्सऱ्यांच्या दारात रोजावर उभं राहायची वेळ अप्पांवर आली, हेही त्याच पानावर लिहायला हवं. आईनं छापखान्यात जास्तीचं काम धरलं. मग कामोठ्याच्या एका शाळेनं मैदान राखायला अप्पांना घेतलं. तिथे मशीन नव्हतं, विळा होता. विळ्याला ते खोबरेल लावायचे.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना समेळबाईंनी मला जुनी पुस्तकं न्यायला बोलावलं. ओझं होईल म्हणून अप्पा बरोबर आले. सभेनंतर ते पहिल्यांदाच त्या गेटातून आत शिरत होते. मैदान नुकतंच कापलेलं होतं, तो वास सगळीकडे होता. जिन्याजवळ ठेकेदाराचा माणूस मशीन कलंडून बसला होता. तेच मशीन. हातात हिरवा पाइप, बोअरच्या नळाला लावलेला, आणि धार घमेल्याच्या आत. अप्पा माझ्या शेजारून निघाले, सरळ नळापाशी गेले आणि त्यांनी तो बंद केला.

"ए चाचा, क्या हुआ?" तो माणूस म्हणाला.

अप्पांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि त्याच्या शेजारी उकिडवे बसले. आधी आत हात फिरवून निळी पट्टी चाचपली. ती होती, झिजून पातळ झालेली, पण चारही रिबिटं जागेवर. मग त्यांनी बोट पाइपाच्या तोंडाशी ओलं करून त्या माणसापुढे धरलं. "चाटून बघ."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "बघा हो, काही होत नाही." त्यानं स्वतःचं बोट ओलं करून चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

"खारा हाय ना?" अप्पा म्हणाले. "लोखंडाला बी तसंच लागतंय."

मग पाऊण तास ते त्याला दाखवत बसले. प्लगची वायर आधी. उलथनं नसलं तर लाकडाची पट्टी. सुकं पुसायचं. बोळा पातळ. समेळबाईंची पुस्तकं वरच राहिली. तो माणूस उत्तर प्रदेशातला होता, त्याचं नाव रामसजीवन, आणि त्यानं मधेच विचारलं की चाचा, तुम्ही इथे पूर्वी होतात का. अप्पा म्हणाले, "होतो थोडे दिस." अकरा वर्षं होते.

निघताना अप्पा मला म्हणाले, "लिहून दे त्याला. इसरंल. उद्या दुसरा कोन आला तर त्याला बी कळंल." माझ्या पिशवीत आईचे कागद नेहमीचेच होते. मी एकाच्या कोऱ्या बाजूवर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहायला लागले, वर मराठीत, खाली हिंदीत. अप्पा सांगत होते. बोअरचं पाणी मारू नये. गवत सुकं खरवडावं. पुसून मग तेल. मी सवयीनं मथळा काय द्यायचा ते विचारलं. ते म्हणाले, "मथळा कशाला?" खाली नाव कुणाचं घालू, विचारलं. म्हणाले, "नाव नको. एवढं पुरे."

जिन्याखालच्या भिंतीवर आम्ही तो कागद चिकटपट्टीनं लावला. मागच्या बाजूला कुठल्याशा कारखान्याच्या टाळेबंदीचा जाहीर निषेध होता, तो भिंतीकडे गेला. गेल्या महिन्यात समेळबाईंकडे गेले होते तेव्हा मुद्दाम डोकावले. मशीन नवं आलंय, माणसं तिसऱ्यांदा बदलली आहेत. कागद पिवळा पडलाय, कुणीतरी त्यावर पारदर्शक प्लास्टिक लावलंय, आणि बोअरच्या नळाला पाइप नव्हता. मी आजवर पुष्कळ पत्रकं लिहिली, काहींसाठी पोलीस चौकीत बसले, काहींना टाळ्या मिळाल्या. त्यांतलं हे एकच असं आहे, की ज्यात लिहिलंय तसं लोक वागतात.